खाऱ्या दिव्याचं दार

१. आळ

सत्य शेवटी बाहेर येतंच, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. थोर माणसांना विम्याचे दावे तपासावे लागले नव्हते. आत्याने उभी हयात आगीचे दावे तपासण्यात घालवली होती. जळलेली गोदामं, जळलेली दुकानं, एकदा तर आग विझवायच्या नळकांड्यांचं जळलेलं दुकान. तिचा अनुभव असा, की सत्याची कोणी मानगूट धरून ओढल्याशिवाय ते बाहेर येत नाही, आणि आलं तरी कोणाच्या उपयोगाचं असेलच असं नाही.

म्हणून भाचीचा फोन आला, "आत्या, माझ्यावर चोरीचा आळ आलाय," तेव्हा आत्या दचकली नाही. तिने धंद्यातला पहिला प्रश्न विचारला.

"काय गेलंय?"

"दाराचा आवाज."

आत्याने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि परत कानाला लावला.

"दार?"

"दार नाही गं. आवाज."

"आलेच," आत्या म्हणाली. एवढ्या बारीक मालाची चोरी तिने आजवर पाहिली नव्हती.

भाचीच्या दारापुढे आत्याचा हात घंटीवर जाता जाता थांबला. सवय. हे घर मुळात भावाचं, आणि भाऊ कुठल्याही दारापुढे आधी खाकरायचा. दोनदा: एक आखूड, एक लांब, जुनी मोटार थंडीत चालू करावी तसं. स्वतःच्या घरात, रिकाम्या खोलीपुढे, एकदा तर कपाटापुढे. "माणसाने येण्याआधी वर्दी द्यावी," म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी गेला तो मात्र वर्दी न देता.

आत भाची कपाटात बसली होती. हा वाक्प्रचार नव्हे, वस्तुस्थिती होती. दिवसा ती श्रवणयंत्रांच्या दुकानात लोकांचे कान तपासायची, आणि उरलेल्या वेळात याच कपाटात, रजया-ब्लँकेटं टांगून, आवाज मुद्रित करायची. आज यंत्र बंद होतं. मांडीवर एक छापील कागद होता, आणि चेहरा असा की कपाट बाहेरून लावून घ्या म्हणेल.

"ठके," आत्या खाली बसत म्हणाली, "पहिल्यापासून सांग. मी खेळ खेळत नाही, मला सगळं मूर्खाला सांगतात तसं सांग."

भाचीने सांगितलं. 'खारा दिवा' नावाचा एक व्हिडिओ गेम होता. बेटावरचा एक रखवालदार विझलेली दीपगृहं एकेक करून पेटवत जातो, एवढाच खेळ. पण ज्यांना तो लागला त्यांना तो कायमचा लागला. कंपनीने पुढचा भाग काढला नाही. मग चार चाहत्यांनी तो आपणच करायला घेतला. फुकट, फावल्या वेळात, गेली सात वर्षं. कंपनीची ना नव्हती. तिने चाहत्यांसाठी नियमच काढले होते: पैसे मिळवायचे नाहीत, आमचं बोधचिन्ह लावायचं नाही, आणि आमच्या खेळातलं चित्र, आवाज, एक ओळसुद्धा उचलायची नाही. सगळं स्वतःच्या हाताने करायचं. झाडाच्या पानापासून दाराच्या कुरकुरीपर्यंत.

"मागच्या महिन्यात पहिल्यांदा थोडासा नमुना लोकांसमोर ठेवला. त्याआधी चौघांखेरीज कोणी काही पाहिलं नव्हतं. आणि परवा हे आलं."

कागदावर कंपनीने कळवलं होतं, की तुमच्या दीपगृहाच्या दाराचा आवाज आमच्या त्याच जुन्या खेळाच्या नव्या आवृत्तीतल्या दाराशी जुळतो. शुक्रवारपर्यंत दोषी सभासदाचं नाव आणि सहीची कबुली पाठवावी. तो सभासद कायमचा बाद होईल, बाकीच्यांचं काम चालू राहील. नाव न आल्यास सगळं काम पुसून टाकावं लागेल.

"आवाजाचं काम माझं. म्हणून तिघांचं मत पडलं, सही मी करायची." भाचीने कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. "आणि मी करणार आहे, आत्या. एक सही केली की चौघांची सात वर्षं वाचतात. नाही केली तर तिघांची माझ्यामुळे जातात. ते तिघं परत माझं तोंड बघणार नाहीत, आणि त्यांच्याशिवाय मला आहे कोण? तू, आणि हे कपाट."

"तू उचललास का आवाज?"

"नाही. बाबांच्या पंपहाऊसचं लोखंडी दार होतं ना, ते. सहा वर्षांपूर्वी. मी आत माइक धरून बसले होते, बाबांनी बाहेरून उघडलं. पण ज्या लॅपटॉपवर ते होतं तो मेला. पंपहाऊस पाडलं. साक्षीदार एकच होता..." तिने वाक्य तिथेच सोडलं.

आत्याने कागद पुन्हा वाचला. "किती जुळतं म्हणतायत?"

"शंभर टक्के."

आत्याने कागद खाली ठेवला. तिच्या धंद्यात गोष्टी सत्तर टक्के जुळल्या तर माणूस खरा, नव्वद टक्के जुळल्या तर सावध, आणि शंभर टक्के जुळल्या तर पोलिसांना फोन.

"ठके, दोन वेगवेगळी दारं शंभर टक्के जुळत नाहीत. एकच दार दोनदा उघडलं तरी जुळत नाही," ती म्हणाली. "इथे चोरी झालीय."

भाचीने ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं.

२. कलमराव

चौघांचा म्होरक्या राहत होता त्या इमारतीचा तो सेक्रेटरीही होता, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. जिन्यात भिंत दिसत नव्हती. 'कठड्यावर हात ठेवून जावे.' 'कठड्यावर कपडे ठेवू नयेत.' 'कपडे आढळल्यास कठडा जबाबदार नाही.' शेवटच्या सूचनेखाली सही आणि शिक्का होता. मंडळी त्याला कलमराव म्हणायची. त्याला ते आवडायचं.

"आम्ही नियमाबाहेर एक पाऊल टाकलं नाही हो," कलमराव म्हणाला. पायच काढून घेतल्यासारखा तो खुर्चीत बसला होता; दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. "सात वर्षं. बायको म्हणते, माझ्या वाढदिवसाची तारीख सांगा. मला नाही सांगता येत. पण चाहत्यांचे नियम? कलम एक: पैसा नाही. कलम दोन: बोधचिन्ह नाही. कलम तीन: 'ही कंपनीची निर्मिती नाही' असं सुरुवातीलाच ठळक अक्षरात..."

आत्याने त्याला म्हणू दिलं. आगीच्या दाव्यात ती दुकानदाराला नेहमी सगळा माल तोंडपाठ म्हणायला लावायची. जळलेला माल लोक घडाघडा म्हणतात. आधीच हलवलेल्या मालापाशी जीभ अडखळते.

"...कलम दहा: नियमांचा अर्थ लावण्याचा अधिकार कंपनीचा. बास. उरलेली किरकोळ."

"किती उरली?"

"एकच. किरकोळ आहे."

जिन्यात कठड्याच्या वतीने सही करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने जगात किरकोळ कलम असू शकतं, हे आत्याला नवीन होतं. तिने ते मनात ठेवलं.

"दाराचा आवाज बदलून टाका की. दुसरं दार लावा."

"बदला असं नियमात नाही. दोषी दाखवा असं आहे." कलमरावचा आवाज फाटला. "बाई, तुम्हाला वाटत असेल मी दगड आहे. मला पोर नाही. हे आहे. शुक्रवारी हे पुसलं तर शनिवारी मी उठायचं कशासाठी, ते मला सांगा. मुलगी चांगली आहे. तिला सांगा, सही कर. आम्ही तिला नंतर काही म्हणणार नाही."

"तुमची खात्री आहे, तिनेच उचललं?"

कलमरावने आत्याकडे पाहिलं नाही. त्याने शर्टाकडे पाहिलं, चुकीचं बटण काढलं, आणि परत चुकीच्याच काजात घातलं.

३. वर आणि खाली

चौघांतला प्रोग्रॅम लिहिणारा लिफ्टच्या कंपनीत कामाला होता. प्रोग्रॅममधले किडे, म्हणजे चुका, चावे घेण्याआधी पकडतो म्हणून मंडळी त्याला ढेकूण म्हणायची. त्याला ते आवडायचं की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. नव्या इमारतीतल्या लिफ्टची त्या दिवशी चाचणी होती, त्यामुळे जबानी चालत्या लिफ्टमध्ये झाली.

"घट्ट धरा," ढेकूण म्हणाला. "पडायची नाही, पण मनाचं काही सांगता येत नाही."

"माझी भाची सही करतेय."

ढेकणाने बटण दाबलं. मजले जायला लागले. "मी मत दिलं खरं. त्या दिवसापासून झोप नाही. सात वर्षांत एवढ्या किड्यांना मारलं, पण हा बोचतो."

"आवाज तिच्याकडून तुझ्याकडे कसा यायचा?"

"थेट नाही. सगळं आधी कलमरावकडे. चित्रं, आवाज, माझा प्रोग्रॅमसुद्धा. तो महिनाभर त्याच्यावर बसून राहायचा, कोंबडी बसते तसा. मग म्हणायचा, घ्या, चालेल. महिनाभर काय उबवायचा देव जाणे."

"आणि मग तू दार बसवलंस."

"बसवलं आणि वर समुद्र घातला. लाटा. नुसतं दार भुंडं वाटायचं. आमच्या खेळात ते दार समुद्राशिवाय कधी ऐकूच येत नाही." लिफ्ट थांबली, दार उघडलं, समोर रंग न दिलेली भिंत आली, दार बंद झालं. "म्हणून तर यंत्राचं नवल वाटलं. समुद्राखालून दार ओळखलं पठ्ठ्याने."

"नव्या आवृत्तीशी जुळतं म्हणतायत. जुन्या खेळातल्या दाराशी का नाही जुळवलं?"

"जुनं आहे कुठे? जुना खेळ चालवायची यंत्रं भंगारात गेली. कंपनीने दोनदा जागा बदलली. गेल्या वर्षी नवी आवृत्ती काढली तेव्हा म्हणे जुनं निम्मं सामान त्यांनाच सापडत नव्हतं. मिळेल ते मिळेल तिथून गोळा करून..."

ढेकूण थांबला. लिफ्टही थांबली, दोन मजल्यांच्या मधे.

"ही लिफ्ट खाली जाते तशी वरही जाते ना रे?" आत्याने विचारलं.

"म्हणजे काय? लिफ्टच आहे."

"मग चोरी फक्त एकाच दिशेने जाते, असं तुम्हा चौघांना कोणी सांगितलं?"

ढेकणाने तोंड उघडलं. त्यातून काही बाहेर यायच्या आत दिवे गेले.

"घाबरू नका," अंधारात त्याचा आवाज आला. तो बराच घाबरलेला होता.

४. दारामागचा माणूस

दंतवैद्याच्या दवाखान्यात बसायला एकच खुर्ची होती, ती मागे कलणारी. आत्या तीत आडवी झाली आणि छताकडे बघत जबानी घेऊ लागली. चौघांतली चित्रं काढणारा तो हा. सकाळी दात, दुपारी दात, आणि मधल्या वेळात बेटावरचे खडक. त्याच्या खडकांना किंचित दाढेचा आकार होता, पण हे त्याला कोणी बोलून दाखवत नसे.

"ती असं करणारी नाही," दंतवैद्य म्हणाला. "पण नावाशिवाय कंपनी ऐकत नाही. कधी कधी एक दात काढावाच लागतो, बाकीचे वाचवायला."

"किडका काढतात, डॉक्टर. हाताला लागेल तो नाही."

दंतवैद्य ओशाळला. कोपऱ्यातल्या पडद्यावर एक रखवालदार कंदील हलवत उभा होता.

"ही ती नवी आवृत्ती?"

"हो. तुमच्या भाचीने अजून घेतली नाही. वडील गेल्यावर तिचं मनच उडालं. आम्ही मात्र वर्षभर यातच. मुख्य म्हणजे त्या माणसासाठी." त्याचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळल्यासारखा झाला. "तुम्हाला माहीत नाही? दारामागचा माणूस! नव्या आवृत्तीत समुद्राचा आवाज बंद करता येतो. कोणीतरी केला. आणि सहाव्या टप्प्यातलं दीपगृहाचं दार उघडताना मागे माणूस ऐकू आला! जगभर चाहते भांडतायत. काही म्हणतात तो आधीचा रखवालदार, जिवंत आहे. काही म्हणतात रखवालदाराचा बाप. मी स्वतः यावर लांबलचक लेख लिहिलाय."

"जुन्या खेळात तो माणूस होता?"

"छे! तेच तर. जुन्या खेळात नुसतं दार होतं, मी शेकडो वेळा उघडलंय. हा नव्यानेच आला."

"ऐकवा."

दंतवैद्याने समुद्र बंद केला. रखवालदार पायऱ्या चढला, कंदील खाली ठेवला, कडीला हात घातला.

खोलीत आधी काहीच नव्हतं. मग लोखंड कण्हायच्या जरा आधी, अगदी खाली, तळाशी, कोणीतरी खाकरलं. एक आखूड. एक लांब. जुनी मोटार थंडीत चालू करावी तसं.

आत्या खुर्चीत उठून बसली. खुर्ची उठली नाही, त्यामुळे ते दिसायला फारसं भारदस्त नव्हतं.

"परत."

दंतवैद्याने परत दार उघडलं. आणि परत. चौथ्यांदा त्याचं लक्ष गेलं, की म्हातारी बाई रडतेय. त्याने सवयीने विचारलं, "दुखतंय?"

"लेख मागे घ्या, डॉक्टर," आत्या म्हणाली. "दारामागे कोण आहे ते मला माहीत आहे. मी त्याच्याबरोबर एका ताटात जेवलेय."

५. अकरावं कलम

शुक्रवारी दुपारी चौघं भाचीच्या घरी जमली. टेबलावर कबुलीचा कागद होता. भाची त्याच्यासमोर बसली होती. पेन हातात. दंतवैद्याने पडदा आणि खेळ बरोबर आणला होता.

"आधी हे ऐक," आत्या म्हणाली.

रखवालदाराने दार उघडलं.

भाचीच्या हातातलं पेन खाली पडलं. कोणी उचललं नाही.

"मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "बाबा, अजिबात आवाज करू नका म्हणून. हो म्हणाले. आणि दार उघडण्याआधी... मी त्यांना ओरडले होते, आत्या. म्हणाले, अगं आत तू होतीस, वर्दी नको द्यायला?" ती हसली आणि ते हसणं मधेच मोडलं. "नंतर मला ते पुसताच आलं नाही. म्हटलं, समुद्राखाली कोणाला ऐकू येतंय."

दंतवैद्याने भिंतीकडे तोंड केलं. ढेकूण बुटाच्या नाडीशी काहीतरी करत होता. बुटाला नाडी नव्हती.

"आता मंडळी," आत्या म्हणाली, "शंभर टक्के जुळलं, म्हणजे एक दार दुसऱ्याची नक्कल. जुन्या खेळातल्या दारामागे माणूस नव्हता. नव्यातल्यामागे आहे, आणि तो माझा भाऊ आहे. म्हणजे ठकीने कंपनीचं दार नाही घेतलं. कंपनीने ठकीचं घेतलं. जुनं सामान हरवलं होतं, हाताला लागलं ते बसवलं. प्रश्न एकच. नवी आवृत्ती निघाली गेल्या वर्षी, तुमचा नमुना बाहेर पडला मागच्या महिन्यात. तोवर हे दार तुम्हा चौघांखेरीज कोणाकडे नव्हतं. मग कंपनीच्या कपाटात गेलं कसं?"

दंतवैद्याने ढेकणाकडे पाहिलं, ढेकणाने दंतवैद्याकडे.

"चौघांतल्याच कोणीतरी नेऊन दिलं. ठकीने नाही, तिला नव्या आवृत्तीत काय आहे हेच ठाऊक नव्हतं. डॉक्टर त्या खाकरण्यावर लेख लिहून बसले; स्वतःच दिलेल्या मालावर कोणी संशोधन करत नाही. जुनं सामान हरवल्याचं ढेकणाने स्वतःहून सांगितलं; माल देणारा असा धागा हातात देत नाही. आणि त्याला दार मिळायचं ते महिनाभर उशिरा. महिनाभर ते कोणाकडे असायचं?" ती वळली. "कलमराव, अकरावं कलम म्हणा."

कलमरावने मान खाली घातली आणि म्हटलं. पाठ होतंच.

"कलम अकरा: चाहत्यांनी कंपनीकडे आपलं साहित्य पाठवू नये. पाठवल्यास ते कंपनीच्या मालकीचं होईल."

"आणि तुम्ही?"

"मी परवानगी मागत होतो!" कलमराव ओरडला. "प्रत्येक गोष्टीची! नियमात बसतंय ना, एकदा बघा, म्हणून पाठवायचो. महिनाभर वाट बघायचो. हरकत आली नाही की समजायचं, चालेल. कधी उत्तर आलं नाही. एकदासुद्धा नाही. मला वाटायचं वाचतच नसतील. अकरावं कलम आपल्या कल्पना पाठवून मग पैसे मागणाऱ्यांसाठी आहे असं मी धरलं. आपण तर सज्जन माणसं!"

"सगळं पाठवलंत?" ढेकणाने हळूच विचारलं. "माझा प्रोग्रॅमपण?"

"सगळं."

"माझे खडक?"

"सगळे खडक."

"आणि नोटीस आली त्या दिवशीच तुम्हाला कळलं," आत्या म्हणाली, "आणि तुम्ही या पोरीला सही करायला सांगितलंत."

"हिशेब केला मी," कलमराव म्हणाला. आता तो कोणाशीच बोलत नव्हता. "एक नाव गेलं तर काम वाचतं. खरं सांगितलं तर अकरावं कलम लागतं, आणि मग दारच नाही, सगळंच त्यांचं. प्रत्येक पान. प्रत्येक लाट. आताही तेच आहे, बाई. तुम्ही शोध छान लावलात. पण तिने सही केली तर उद्या आपल्याकडे खेळ आहे. तुमचं सत्य पाठवलं तर उद्या काही नाही. सांगा, कुठलं पाठवू?"

हा मात्र बिनतोड प्रश्न होता. आत्याने आजवर ज्यांचे ज्यांचे दावे फेटाळले त्या सगळ्यांनी तो वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता, आणि तिच्याकडे कधीच उत्तर नव्हतं. तिने भाचीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

भाचीने वाकून पेन उचललं. कागद जवळ ओढला. कलमरावचे डोळे चमकले. ते बघवत नव्हतं.

"यात लिहिलंय," भाची वाचत म्हणाली, "'हा आवाज मी कंपनीच्या खेळातून चोरला.'" तिने पेनाला टोपण घातलं. "माझ्या बाबांना मी चोरीचा माल म्हणणार नाही, कलमराव. तेवढं सोडून काहीही सांगा."

ढेकूण तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. मग दंतवैद्य. कलमराव एकटाच टेबलाच्या त्या बाजूला उरला. थोड्या वेळाने त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि खरं काय झालं ते लिहायला घेतलं, मुद्देसूद, समास सोडून. त्याला दुसऱ्या प्रकारे लिहिताच येत नव्हतं.

६. उत्तर

सात वर्षांत पहिल्यांदा कंपनीचं उत्तर आलं, आणि तेही तत्परतेने.

सविस्तर खुलाशाबद्दल कंपनी आभारी होती. खुलाशावरून असं दिसत होतं, की कोणत्याही सभासदाने चोरी केलेली नाही. सबब कोणालाही बाद करण्यात येत नाही. तथापि कलम अकरानुसार सदर कामातलं सर्व साहित्य पूर्वीच कंपनीच्या मालकीचं झालेलं असल्याने ते चाहत्यांनी पुसून टाकावं. शेवटी एक ओळ होती: दाराच्या आवाजात एक अनावश्यक मानवी आवाज राहून गेल्याचं आपण निदर्शनास आणून दिलंत, तो पुढच्या सुधारणेत काढून टाकण्यात येईल.

ही ओळ भाचीने दोनदा वाचली. मग ती कपाटात जाऊन बसली आणि कोणी हाक मारली तरी बाहेर येईना.

पुसण्याचं काम ढेकणाने केलं. कलमराव शेजारी बसून होता. पुसताना काही राहून जाऊ नये, असं नियमात होतं. शेवटचा खडक गेला तेव्हा तो म्हणाला, "झालं. आता आपण पूर्णपणे नियमात आहोत." आणि टेबलावर डोकं टेकून रडला. ढेकणाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवायचा नव्हता, पण ठेवला.

"त्यातला नुसता तेवढा आवाज नाही का काढून घेता येणार?" आत्याने ढेकणाला बाजूला घेऊन विचारलं. "खाकरण्यापुरता?"

"मला येईल काढता," ढेकूण म्हणाला. "पण ती म्हणते, ज्याचा आळ एवढा सोसला तेच आता खरंच करायचं का? नको म्हणते." मग त्याने जरा विचार केला. "पण एक आहे. सुधारणा येते ती इंटरनेटवरून. ज्या यंत्राला इंटरनेटच नाही, त्याच्या दारातून कोणीही कोणाला काढू शकत नाही. आणि विकत घेतलेला खेळ खेळायला कुठलंच कलम आड येत नाही."

आत्याने खेळ विकत घेतला. सुधारणा यायच्या आत तो तिच्या लॅपटॉपवर चढवून झाला आणि ढेकणाने स्वतः येऊन इंटरनेट तोडून दिलं. भाची एका दुपारी आली, सहाव्या टप्प्यापर्यंत गेली, समुद्र बंद केला, आणि दार उघडलं. एकदा. मग म्हणाली, "हे इथेच असू दे, आत्या. हवं तेव्हा मी येऊन उघडून देईन."

"तू कशाला," आत्या म्हणाली. "भाऊ माझा. मी माझी जाईन."

तेव्हापासून आत्या रोज जेवणं उरकली की चष्मा लावून बसते. त्या दाराआधी पाच टप्पे आहेत, आणि पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीलाच एक लाकडी पूल आहे, ज्याला भाचीच्या म्हणण्याप्रमाणे लहान मुलंसुद्धा अडथळा समजत नाहीत.

आत्या अजून त्याच पुलावरून पाण्यात पडते.